कुकरची शिट्टी होत नाही, कडेने वाफ जाते: रबर बदलायच्या आधी एवढं बघा

परवा रात्री साडेआठला मावशीचा फोन. "अगं, शिट्टीच होईना, पाऊण तास झाला, काका ताट घेऊन बसलेत." मी विचारलं रबर कधी बदललंस, तर म्हणे गेल्याच महिन्यात, आणि त्याच्या आधी दिवाळीत. म्हणजे सहा महिन्यांत दोन रबरं आणि कुकर आहे तिथेच. असे फोन मला महिन्यातून दोन-तीन तरी येतात, कारण आईचा पुण्यात अठरा वर्षं डब्यांचा व्यवसाय होता, रोज सकाळी चार कुकर लागायचे आणि त्यातला एक तरी रुसलेला असायचा, तो बघायचं काम माझ्याकडे. तेव्हापासून घरात आणि नातेवाइकांत मी 'कुकरवाली' झाले ती झालेच.

दरवेळी सांगून कंटाळले म्हणून इथे एकदाच लिहून ठेवते. आणि आधीच सांगते, दहातल्या सहा-सात वेळा दोष रबराचा नसतो. रबर स्वस्त असतं, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, म्हणून आपण आधी तेच बदलतो, आठवडाभर बरं चालतं आणि मग परत फुसफुस सुरू. (गॅस्केट म्हणा, रिंग म्हणा, आमच्याकडे रबरच म्हणतात.)

आधी लक्षणं. तुमच्या कुकरचं नेमकं काय होतंय ते बघा, कारण 'शिट्टी होत नाही' या एका वाक्यात चार वेगवेगळे आजार असतात.

कडेने वाफ जाते, पाण्याचे थेंब टपटप बर्नरवर पडतात, शिट्टी हलत नाही. हा सगळ्यात कॉमन प्रकार.

शिट्टी बसल्या जागी नुसती फुसफुसत राहते, उचलली जात नाही, कडेने मात्र काही जात नाही.

शिट्टी होते पण प्रत्येक शिट्टीला डाळीचं पिवळं पाणी कारंज्यासारखं उडतं, ओटा, टाइल्स, कॅलेंडर सगळं पिवळं.

आणि चौथा, सगळ्यात शांत आणि सगळ्यात वाईट: गॅस मोठा आहे, पंधरा-वीस मिनिटं झालीत, आणि वाफ कुठूनच येत नाही, ना कडेने ना शिट्टीतून. असं झालं तर पुढचं काही वाचू नका, गॅस बंद करा, नॉबपर्यंत हात कुकरवरून न्यायला लागत असेल तर खाली सिलेंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि अर्धा तास स्वयंपाकघरात कुणाला जाऊ देऊ नका. एक तर आत पाणीच नाही, नाहीतर वाफेची नळी बंद झालीय, आणि दुसरं असेल तर आत प्रेशर चढतंय पण तुम्हाला ते दिसत नाहीये.

बाकी कुठलाही प्रकार असला तरी तपासणी कुकर गार झाल्यावरच. गार म्हणजे काट्याच्या चमच्याने शिट्टी जरा उचलून बघायची, 'फुस्स' आवाज आला तर अजून थांबायचं. आवाज बंद झाला की मगच झाकणाला हात. घाई का नको ते एकदा आकड्यात सांगते, मग लक्षात राहतं. घरगुती कुकरमध्ये हवेच्या दाबाच्या वर साधारण दर चौरस सेंटीमीटरला १ किलो एवढा दाब असतो, त्यामुळेच पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. आता २० सेंटीमीटर व्यासाचं झाकण धरलं तर त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर. म्हणजे झाकणाला आतून तीनशे किलोचा रेटा असतो, तीन क्विंटल! ते झाकण हिसका मारून उघडायला जाणारी माणसं मी पाहिलीत, त्यात माझा सख्खा भाऊ आहे.

आता फुकटातल्या गोष्टींपासून सुरुवात करू.

पहिलं म्हणजे गॅस. हसू नका. सिलेंडर संपत आला की ज्योत बारीक होते, वाफ तयार होते त्याच वेगाने कडेने निसटते आणि दाब चढतच नाही. छोट्या बर्नरवर पाच लिटरचा भरलेला कुकर ठेवला तरी हेच. कुकर आतल्या झाकणाचा असेल तर तो सुरुवातीला दोन-तीन मिनिटं कडेने थोडी वाफ सोडणारच, कारण ते झाकण आतून वाफेनेच वर दाबलं जाऊन बसतं (हॉकिन्सचं झाकण असं आत जातं, बाहेरून बसणारं झाकण वेगळं), तेव्हा ज्योत बारीक असेल तर ते बसायला वेळ लागतो. एकदा मोठ्या बर्नरवर, मोठ्या ज्योतीवर नुसतं दोन ग्लास पाणी घालून लावून बघा. डाळ नाही, तांदूळ नाही, नुसतं पाणी. आठ-दहा मिनिटांत शिट्टी झाली तर कुकर ठणठणीत आहे, चूक भरण्यात आहे. ही पाण्याची टेस्ट मी दरवेळी आधी करायला लावते, अर्ध्या लोकांचा प्रॉब्लेम इथेच कळतो.

पण ज्योत मोठी म्हणजे तळाच्या बाहेर येऊन कुकरच्या अंगाला चाटणारी नको. त्याने हँडल जळतात आणि रबर लवकर कडक होतं, आणि मग तुम्ही म्हणणार कंपनीचं रबर टिकत नाही.

दुसरं, काठ पुसा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, इथे शितावरून कुकरची परीक्षा. एक भाताचं शीत किंवा वाळलेल्या डाळीचा पापुद्रा रबराच्या खाचेत अडकलेला असला तरी तिथून वाफेला वाट मिळते, आणि वाफेला केसाएवढी फट पुरते. रबर काढा, झाकणाची खाच जुन्या टूथब्रशने साफ करा, भांड्याचा काठ आतून-बाहेरून बोट फिरवून बघा, रबर ओल्या फडक्याने पुसून परत नीट गोलाकार बसवा, कुठे पीळ पडलाय का कुठे फुगलंय ते बघत. भांडी घासायला मावशी येत असतील तर रबर धुऊन दुसऱ्याच कुकरच्या झाकणात बसवलं जाणं हे तर नेहमीचंच. आमच्याकडे तीन लिटर आणि पाच लिटर दोन्ही होते आणि आईने एकदा सबंध आठवडा पाचचं रबर तीनला कोंबून काम काढलं होतं, आणि वर मला म्हणाली, कुकर बिघडलाय.

तिसरं, पाणी. आपल्याकडे वरण-भाताचे डबे लावतात तेव्हा पाणी दोन ठिकाणी असतं, डब्यात आणि डब्याखाली. डब्यात सगळे घालतात, खालचं विसरतात. शिट्टी होते ती खालच्या पाण्याच्या वाफेवर. खाली जाळी ठेवून दीड-दोन ग्लास पाणी हवंच, आणि कडेने वाफ जात असेल तर ते पाणी शिट्टी व्हायच्या आतच संपतं, मग तळ करपतो, कुकर निळा-काळा पडतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. म्हणजे एका छोट्या गळतीतून मोठा खर्च. तळ आतून काळा पडलाय म्हणून घाबरू नका, ॲल्युमिनियमला आपल्या बोअरच्या पाण्याने काळेपणा येतोच, खालच्या पाण्यात चिंचेचं बुटुक किंवा पिळलेल्या लिंबाची साल टाकत जा.

चौथं, किती भरलंय. हे तिसऱ्या लक्षणवाल्यांसाठी, पिवळं कारंजंवाल्यांसाठी. भाज्या-बटाटे असतील तर दोन तृतीयांशाच्या वर नाही, आणि डाळ, तांदूळ, कडधान्य असं फुगणारं-फेसाळणारं काही थेट कुकरमध्ये असेल तर अर्ध्याच्या वर अजिबात नाही, पाण्यासकट अर्धं. डाळीला फेस येतो, तो फेस नळीत चढतो, त्याच्याबरोबर साल चढतं, आणि आज जे कारंजं आहे ते उद्या बंद नळी होतं. थेंबभर तेल आणि चिमूटभर हळद घालतात त्यातलं तेल फेस कमी करतं, हळदीचं मला माहीत नाही पण आजी घालायची म्हणून मीही घालते. पाहुणे आले म्हणून तीन लिटरच्या कुकरात आठ जणांचं वरण लावू नका, दोनदा लावा.

इथपर्यंत एक पैसा खर्च नाही.

पाचवं, वाफेची नळी. झाकणाच्या मधोमध, जिच्यावर शिट्टी बसते ती. झाकण खिडकीकडे किंवा ट्यूबलाइटकडे धरून खालच्या बाजूने नळीतून बघा, पलीकडचा उजेड गोल दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला किंवा काहीच दिसलं नाही तर तोच तुमचा चोर. हरभऱ्याचं साल, टोमॅटोचं साल, मटकीचा मोड, मेथीचं पान, एकदा तर शेवग्याच्या शेंगेचा दोरा निघाला होता. सुई, सेफ्टी पिन किंवा तारेने खालून वर ढकला, वरून खाली नाही, आणि मग नळाखाली जोरात पाणी सोडून परत बघा. ही गोष्ट रोज कुकर लावायच्या आधी करायची असते खरं तर. आई करायची, झाकण उचललं की आधी उजेडात बघायची आणि मगच लावायची, आम्हाला ती तिची खोड वाटायची. शिट्टीतून बाहेर जाणं हाच वाफेचा एकमेव नेहमीचा रस्ता असतो, तो बंद झाला की उरतो फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह.

सहावं, खुद्द शिट्टी. इथे दोन गोष्टी. एक, तिच्यात आत डाळीचा थर साचतो, त्यामुळे ती नळीवर सरळ बसत नाही आणि नुसती फुसफुसते. गरम पाण्यात साबण घालून तासभर भिजवा, हलवा, आतलं चिकट पाणी काढून टाका. काही शिट्ट्या फिरकी काढून उघडतात, काही उघडायच्याच नसतात, पकड लावून जबरदस्ती नको. दुसरी गोष्ट लोकांच्या डोक्यातच येत नाही, ती म्हणजे अदलाबदल. घरात दोन कुकर, दोन शिट्ट्या, दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये. शिट्टी म्हणजे साधं टोपण नाही, ते वजन आहे. समजा नळीचं भोक ३ मिलिमीटरचं आहे, तर त्यावर १ किलोचा दाब पेलायला वजन लागतं साधारण ७० ग्रॅम. भोक आणि वजन असं जोडीने ठरवलेलं असतं. हलकी शिट्टी बसवली तर दाब चढायच्या आतच ती उडत राहते, शिट्ट्या सात-आठ झाल्या तरी डाळ कच्ची, आणि जड शिट्टी बसवली तर कुकर ठरवलेल्यापेक्षा जास्त दाबावर चालतो, जे तुम्हाला कळतही नाही. म्हणून दोन्ही कुकर वेगळ्या कंपनीचे असतील तर एकाच्या शिट्टीला लाल दोरा बांधून ठेवा, नेलपॉलिशचा ठिपकाही चालतो. शिट्टी हरवली तर 'कुठलीही द्या' म्हणून आणू नका.

मध्येच एक, कारण बरेच जण हे कुकरच्या खात्यात टाकतात: शिट्ट्या व्यवस्थित होतात, कडेने काही जात नाही, पण डाळच शिजत नाही. मग कुकर निर्दोष आहे. तूरडाळ जुनी असेल, बोअरचं जड पाणी असेल, किंवा तुम्ही चिंच-टोमॅटो-आमसूल आधीच घालत असाल, आंबटाने डाळ ताठ राहते. अर्धा तास भिजवा, आंबट फोडणीच्या वेळी घाला, पिण्याचं पाणी वापरून बघा.

सातवं, हँडलचे स्क्रू. एक स्क्रूड्रायव्हर आणि दोन मिनिटं. रोजच्या गरम-गार होण्याने स्क्रू ढिले पडतात, झाकणाचं हँडल आणि भांड्याचं हँडल एकावर एक बसत नाहीत, आणि झाकण एका बाजूला उचललेलं राहतं. ओळखायची खूण सोपी आहे: वाफ नेहमी एकाच जागेवरून जाते आणि ती जागा हँडलच्या आसपास किंवा बरोबर समोर असते. आवळा, पण राक्षसासारखं नको, बेकेलाइटला तडा जातो. हँडलला तडा आधीच असेल तर बदला, फेव्हिक्विकने चिकटवलेल्या हँडलने भरलेला गरम कुकर उचलणं म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको.

आता आलं रबर. आठव्या नंबरला.

रबर काढून दोन बोटांत दुमडून बघा. चांगलं रबर मऊ असतं आणि सोडलं की परत गोल होतं. कडक झालेलं, चकाकी आलेलं, दुमडल्यावर आतून बारीक भेगा दिसणारं रबर संपलं. सैल झालेलं, खाचेत घातल्यावर एका जागी लोंबणारं, तेही संपलं. नखाने दाबल्यावर खळगा तसाच राहतो तेही संपलं. रोज वापर असेल तर वर्षभराने बदलायचंच असं धरून चाला, डब्यांच्या धंद्यात तर आमचं तीन-चार महिन्यांत जायचं. रबर शंभर ते दोनशे रुपयांत येतं, त्यात काटकसर नको. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत गेलात तर एकाच आकाराची पाच प्रकारची रबरं दाखवतात, 'सगळ्याला चालतं ताई' असं म्हणतात, ते ऐकू नका. जुनं रबर बरोबर न्या, झाकणावरचं नाव आणि किती लिटर ते मोबाइलवर फोटो काढून न्या, आणि कंपनीचंच पाकिटातलं घ्या. एकाच कंपनीच्या पाच लिटरच्या दोन मॉडेलची रबरंही वेगळी असू शकतात, ही मार मी खाल्लेली आहे.

रबर फ्रीजरमध्ये दहा मिनिटं ठेवायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. होतं काय, सैल रबर गार झाल्यावर किंचित आवळतं आणि तेवढ्या वेळेपुरतं काम होतं. रात्री नऊ वाजता दुकानं बंद असताना ठीक आहे, पण ते औषध नाही, दुसऱ्या दिवशी नवीन आणा. कडेला कणीक लावायची, दोरा गुंडाळायचा, झाकणावर वरवंटा ठेवायचा, हे तिन्ही प्रकार मात्र करू नका. वरवंटा ठेवलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

रबर टिकावं म्हणून एकच करा, धुऊन, पुसून, झाकणातून बाहेर काढून ठेवा, आणि झाकण कुकरवर उपडं ठेवा. झाकण लावून कपाटात ठेवला की रबर दिवसभर दाबलेलं राहतं आणि चपटं होतं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मावशीची दोन रबरं वाया गेली. काठ.

आपण भात वाढून झाला, भाजी हलवून झाली की डाव कुठे आपटतो? कुकरच्या काठावर. ठक ठक ठक, डावाला चिकटलेलं खाली पडावं म्हणून. रोज दोनदा, वर्षानुवर्षं, स्टीलचा डाव आणि ॲल्युमिनियमचा काठ. ॲल्युमिनियम मऊ, तेव्हा काठाला बारीक बारीक खाचा आणि चेप पडत जातात. झाकण आतलं असो की बाहेरचं, रबर शेवटी त्या काठावरच दाबलं जातं. नवीन रबर मऊ असतं म्हणून ते त्या खाचेत शिरून फट भरून काढतं, आणि तुम्हाला वाटतं रबर बदललं म्हणून बरं झालं. महिनाभरात ते रबर जरा ताठ झालं की खाच परत उघडी, परत वाफ, परत दुकान. वारंवार रबर बदलूनही परत परत येणाऱ्या गळतीचं हे एक नंबरचं कारण आहे आणि भांड्याच्या दुकानदाराला ते सांगण्यात काही फायदा नाही.

तपासायचं कसं: डोळे मिटून काठावर बोट फिरवा, डोळ्यांपेक्षा बोटाला खाच लवकर कळते. मग भांडं ग्रॅनाइटच्या ओट्यावर उपडं ठेवा आणि दोन्ही बाजूंनी हलकं दाबा. डगडगलं किंवा मागून टॉर्च मारल्यावर एखाद्या जागी उजेडाची रेघ दिसली तर काठ वाकलाय. (हा उपाय काठ सपाट असलेल्या साध्या गोल कुकरसाठी, आतल्या झाकणाच्या कुकरचं तोंड लंबगोल असतं, तिथे बोटावरच विसंबा.) वाफ जाते ती जागा मार्करने बाहेरून खूण करून ठेवा आणि दोन-तीनदा कुकर लावून बघा. रबर फिरवून बसवल्यावरही वाफ भांड्याच्या त्याच खुणेजवळून जात असेल तर दोष भांड्याच्या काठाचा. खूण सोडून वाफेची जागा रबराबरोबर सरकली तर दोष रबराचा. इतकी साधी टेस्ट आहे, पण ही करायच्या आधीच सगळे दुकानात पोचलेले असतात.

काठावर अगदी बारीक खरवड असेल तर शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच गुळगुळीत करता येतं. चेप असेल तर मात्र थांबा. हातोडीने ठोकून सरळ करायला जाऊ नका, आणि दारावर येणाऱ्याला करू देऊ नका. आमच्या बिल्डिंगमध्ये 'कुकर मिक्सर रिपेअर' ओरडत एक जण यायचा, त्याने आईचा सात लिटरचा काठ ठोकून दिला, पंधरा दिवस चालला, मग आधीपेक्षा वाईट. पण खरी गोष्ट पुढे आहे. काही महिन्यांनी मी तेच झाकण घासत होते तर सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी नट-बोल्ट! व्हॉल्व्ह सारखा उडतो अशी आईने तक्रार केली होती, त्याने 'परत उडणारच नाही' म्हणून वायसर घालून बोल्ट मारून दिला होता. आणि त्याच झाकणाने आम्ही रोज चाळीस डब्यांची डाळ लावत होतो.

म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल नीट सांगते. झाकणाला खालून बघितलं तर एक छोटा नट दिसतो, त्याच्या मध्यभागी कमी तापमानाला वितळणारा धातू भरलेला असतो. नळी बंद झाली किंवा पाणी संपून कुकर कोरडा तापला की तो धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. म्हणजे व्हॉल्व्ह उडणं हा बिघाड नाही, त्याने त्याचं काम केलंय. १६७९ मध्ये डेनी पापिनने लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर हाडं मऊ करणारं वाफेचं भांडं दाखवलं तेव्हापासूनचं हे लचांड आहे, वाफ कोंडायची तर तिला पळवाट ठेवावीच लागते, आणि सेफ्टी व्हॉल्व्हही त्या पापिनचाच. काही कुकरच्या झाकणाच्या कडेला एक लांबट खिडकीसारखी खाच असते, दाब फार वाढला की रबर तिथून बाहेर येतं, ती तिसरी पळवाट. तिथून रबर बाहेर आलेलं दिसलं तर नुसतं आत ढकलून परत लावू नका, नळी बघा आधी.

व्हॉल्व्ह एकदा उडाला: नळी साफ करा, पाणी किती घातलं होतं ते आठवा, कंपनीचा त्याच मॉडेलचा व्हॉल्व्ह आणून बसवा, पाण्याची टेस्ट करा. दुसऱ्यांदा उडाला, आणि नळीही स्वच्छ होती, पाणीही होतं, तर तुम्ही थांबा. तिथून पुढे सर्व्हिस सेंटर.

सर्व्हिस सेंटरलाच न्यायची बाकीची प्रकरणं पटापट: काठाला चेप किंवा झाकण वाकलेलं. तळ बाहेर फुगलेला, ओट्यावर ठेवल्यावर भोवऱ्यासारखा फिरतो (कोरडा तापला की होतं, याला घरी उपाय नाही, इंडक्शनवर तर मुळीच वापरू नका). झाकण आणि भांडं एकमेकांत अडकतात त्या कडा झिजून झाकण हँडल न हलवताच सरकतं. भांड्याला कुठेही तडा किंवा बारीक भोक. हँडल ज्यावर बसतं तो वेल्ड केलेला भाग हलतो. या पाचांतलं एकही असेल तर तोपर्यंत तो कुकर नुसतं पातेलं म्हणून वापरा, झाकण लावून नाही. आणि जुन्याचं दुरुस्त होण्यासारखं नसेल तर नवीन घेताना आयएसआय मार्क आणि आयएस २३४७ हा आकडा बघा, घरगुती कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे, तरी ऑनलाइन स्वस्तात बिनमार्कचे दिसले तर भुलू नका.

कुकर सगळा ठीक आहे आणि ज्योतच पिवळी, काजळी धरणारी असेल तर ते गॅसवाल्याचं काम, बर्नर साफ करून नाही गेलं तर त्याला बोलवा. गॅसचा वास येत असेल तर कुकर-बिकर राहू द्या, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नको, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन. वाफेने भाजलं तर लगेच साध्या नळाच्या पाण्याखाली वीस मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही. चेहरा, डोळे किंवा तळहाताहून मोठा भाग भाजला असेल, फोड मोठे असतील तर सरळ दवाखाना.

मावशीचं काय झालं ते राहिलंच. मार्करची खूण करून तीनदा लावायला सांगितलं, तिन्ही वेळा वाफ एकाच जागेवरून, रबर फिरवलं तरी तिथूनच. बोट फिरवलं तर तिलाच फोनवर हसू आलं, म्हणाली अगं इथे तर खळगाच आहे. सर्व्हिस सेंटरवाल्याने काठ बघून मान हलवली, बारा वर्षांचा कुकर होता. नवीन घेतला, तीन लिटरचा, आता दोघंच असतात. काकांनी त्याच दिवशी सकाळी जुन्या पाच लिटरसाठी अजून एक रबर आणून ठेवलं होतं, ते कुणाला बसत असेल तर सांगा.